कलदार, हाली आणि चवली-पावली : जुन्या नाण्यात चांदी किती?

आजीच्या डब्यात पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचे मिळून चौदा रुपये निघाले. सराफ सगळ्यांना एकच भाव सांगतो. हे बरोबर आहे का? (सातारा)

नाही. आधी साल बघून दोन ढीग करा. १८३५ ते १९३९ या सालांचा कलदार, म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे निव्वळ १०.६९ ग्रॅम. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयात चांदी ५० टक्के, तांबे ४०, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के आलं. वजन तेवढंच, चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. साल झिजलं असेल तर कड बघा : जुन्या रुपयाला साधे दाते आहेत, नव्याच्या कडेवर मधोमध चर आणि चरात नक्षी.

समजा चांदी १०० रुपये ग्रॅम आहे. मग पहिल्या ढिगातल्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी, दुसऱ्यातल्या रुपयात ५८३ रुपयांची. एकच भाव घेतलात तर चांगली नाणी हलक्यांच्या दराने जातील. सराफाचा रोजचा भाव शुद्ध चांदीचा असतो, त्यामुळे तो घट धरणार आणि ते रास्तच आहे. फक्त किती टक्के, ते नाणी हातातून सोडण्याआधी विचारा.

आणि कृपा करून १९११ चा रुपया आटवायला देऊ नका. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला होता आणि ती नाणी परत घेतली गेली. संग्राहक त्याला चांदीपेक्षा बरंच जास्त देतात. १९३९ चा रुपया तर फारच दुर्मीळ. शेवटचा आकडा कोरून बदललेला नाही ना, हे भिंगाखाली बघा.

घरच्या घरी खात्री कशी करायची? (नाशिक)

सुरुवात लोहचुंबकाने करा. १९४७ चा वाघाचा रुपया चांदीसारखा चमकतो, पण तो शुद्ध निकेलचा आहे आणि चुंबकाला चिकटतो. १९४६-४७ ची अधेली (अर्धा रुपया) आणि पावली (पाव रुपया) तशीच.

पुढची परीक्षा पाण्याची. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, पण ते तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. बारा भागांत अकरा भाग चांदीच्या, म्हणजे जुन्या कलदाराला काटा १.१३ च्या आसपास दाखवील, निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२, आणि तांबं-निकेलच्या नकलेला १.३ च्या वर. झिजलेलं नाणं असेल तर कोरड्या वजनाला या आकड्याने भागा : १०.३ आलं तर जुनी चांदी, ९.५ आलं तर निम्मी. चूक बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे होते. नाण्याला चिकटलेली हवा आकडा वाढवते आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाणं हलवा, मगच वाचा. दागिन्यासाठी कडी जोडलेली असेल तर डागामुळे, म्हणजे जोडाला लावलेल्या वेगळ्या धातूमुळे, हिशेब थोडा चुकतोच.

चारमिनारचं चित्र असलेले रुपये कलदाराएवढेच समजायचे का? (लातूर)

नाही, हा निजामाचा हाली सिक्का. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे निव्वळ सुमारे ९.१४ ग्रॅम. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा मराठवाड्यातला जुना हिशेब चांदीच्या वजनाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. युद्धकाळातल्या हाली रुपयातही चांदी निम्म्यावर आली, म्हणून इथेही साल महत्त्वाचं. ते हिजरीत असतं.

लक्ष्मीपूजनाची नाणी काळी पडलीत. चिंचेने घासली तर चालेल? (पुणे)

घासू नका. चिंच, रांगोळी, राख, भांड्यांची पावडर, सगळ्यांनी वरचा थर जातो आणि बारीक चरे पडतात. चांदी फारशी कमी होत नाही, पण संग्राहक अशा नाण्याचा भाव लगेच पाडतात. हळद-कुंकू कोमट पाण्यात भिजवून बोटाने सोडवा आणि सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातल्या पीव्हीसीने नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

गांधीजींचा १९६९ चा दहा रुपयांचा चांदीचा आहे म्हणतात. आणि मुलीकडे कॅनडाला व्हिक्टोरियाचे रुपये न्यायचे आहेत. (कोल्हापूर)

दहा रुपयांचा खरंच चांदीचा : १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. त्याच वर्षीचं पिवळं वीस पैशांचं नाणं मात्र सोन्याचं नाही. त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आहे, कुणी काहीही सांगो. व्हिक्टोरियाचे रुपये शंभर वर्षांहून जुने असल्याने ते पुरावस्तू ठरतात आणि १९७२ च्या कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत. ते इथेच ठेवा.