परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

लेकीच्या गरब्याच्या चणिया-चोळीचं माप घेताना शिंपीकाका म्हणाले, “हिचा उजवा खांदा वर आहे,” आणि तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागला आहे. सासूबाईंना वाटतं दप्तरामुळे झालं. घरात ठरतंय की वार्षिक परीक्षा आटोपू दे, मग दाखवू. बाकी सगळं सावकाश सांगते, पण हे आधी ऐक: परीक्षेपर्यंत थांबू नकोस.

लेक सहावीत, पाळी अजून सुरू नाही, आणि वर्षभरात सगळे ड्रेस आखूड झालेत. मुलींची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या वर्षभरात, साधारण वर्षाला ८ सेंटीमीटर. पाळी आल्यावर वेग मंदावतो आणि दोनेक वर्षांत वाढ जवळजवळ थांबते. कण्याला एका बाजूला बाक (डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात) असेल तर तोही याच काळात झपाट्याने वाढतो. नवरात्र ते परीक्षा हे सहा महिने तिच्या पाठीसाठी फार मोलाचे आहेत.

आज घरी एवढंच कर. तिला विचारून, दार लावून, तिची पाठ बघ. पावलं जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हाताचे तळवे एकमेकांना जोडून तिला पुढे वाकू दे आणि तू मागे उभी राहा. एका बाजूच्या फासळ्या दुसरीपेक्षा उंच दिसल्या तर कणा बाजूला वाकताना पिळलाही आहे असं समज. ही पाहणी तूच कर. घरातल्या चार जणांसमोर तिची पाठ उघडी करू नकोस. या वयाच्या मुली अशी गोष्ट विसरत नाहीत. आणि “सरळ बस गं” हे आजपासून बंद. पोक काढून बसल्याने असा बाक येत नाही, दप्तरानेही येत नाही. बहुतेक मुलींत कारण सापडतच नाही. कधी घराण्यात असतो. तुझं काही चुकलेलं नाही.

छाती एका बाजूला कमी भरल्यासारखी दिसते, असंही तू लिहिलंस. फासळ्या फिरल्या की तसं दिसतं. शिवाय स्तनांच्या वाढीची सुरुवात एका बाजूने होणं या वयात अगदी सर्वसाधारण आहे. डॉक्टरांच्या कानावर घाल, पण तेवढ्यावरून घाबरू नकोस.

वडोदऱ्यातल्या सयाजी हॉस्पिटलच्या अस्थिरोग ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढ, किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून मणक्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घे. एक्स-रे उभं राहून, पूर्ण कण्याचा हवा, आणि किरण पाठीकडून छातीकडे जातील असा काढायला सांग, म्हणजे छातीला किरणं कमी लागतात. त्याच फिल्मवर कमरेच्या हाडाची कड बघून वाढ किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. डॉक्टरांना दोनच गोष्टी नक्की विचार: बाकाचा कोन किती अंशांचा, आणि वाढ किती बाकी. दोन्ही आकडे वहीत लिही.

१० अंशांच्या पुढे बाक धरतात. शंभरात दोन-तीन मुलांना तो असतो आणि बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवणं पुरतं, दर चार-सहा महिन्यांनी तपासणी. २५ च्या पुढे गेला आणि वाढ बाकी असली तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा मापाचा कडक साचा. ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ब्रेसचं नाव काढलं की आया रडतात, हे मी फिजिओथेरपीत आयुष्यभर पाहिलं. ब्रेस पाठ सरळ करून देत नाही, बाक वाढू देत नाही, आणि तेच तर हवं असतं. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न लावलेल्यांपैकी ४८ टक्के मुलांचा. जितके जास्त तास घातला तितका गुण अधिक. त्यात दिवसाचे १८ तास सांगितले होते. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात ते सोपं नाही. आत बिनशिवणीची सुती बनियन घालायची, घामाने भिजली की लगेच बदलायची. ब्रेस काढल्यावर कातडी लाल दिसते, ती अर्ध्या तासात निवळली पाहिजे. नाही निवळली तर ब्रेस बनवणाऱ्याकडे परत जाऊन तेवढी जागा सैल करून घे. गरबा आणि व्यायामशाळेतला मल्लखांब ब्रेस काढून खुशाल चालू दे. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ‘पाठ सरळ’ पट्ट्यांवर मात्र एक रुपया घालू नकोस, आणि हाड बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तिचा कणा देऊ नकोस.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात मुंग्या किंवा कमजोरी, लघवीवरचा ताबा सुटणं, कमरेवर केसांचा पुंजका, यातलं काही दिसलं तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नकोस, लगेच दाखव. एमआरआय लागू शकतो.

जाण्याआधी तिला सगळं सांग. डॉक्टर काय बघणार, कपडे किती काढावे लागतील, आई तिथेच असेल. प्रश्न तिचे तिला विचारू दे. फिल्म गुंडाळून ठेवू नकोस, सपाट ठेव. पुढच्या वेळी त्याच मणक्यांवरून कोन मोजून तुलना करायची आहे. सोमवारी गेलीस तर मला आदल्या रात्री फोन कर, मी रावपुऱ्याहून थेट ओपीडीच्या दाराशी येते.

तुझी,
मावशी