दुकानांच्या जाहिरातींतील चावट, द्व्यर्थी ओळी विनोदी असतात की स्त्रियांना कमी लेखणाऱ्या?

आपण प्रश्नाखाली लिहिले आहे की गावातील एका दुकानाच्या फलकावरची द्व्यर्थी ओळ वाचून आपले मित्र खदखदून हसले, बहिणीला मात्र राग आला, आणि आता ‘आपण सगळेच फार हळवे झालो आहोत का’ असा प्रश्न आपल्याला पडला आहे. मी सांगलीत गेली अनेक वर्षे फ्लेक्स छपाईचा व्यवसाय करतो. जाहिरातीच्या मजकुराला आमच्या धंद्यात ‘मॅटर’ म्हणतात, आणि दुकानदार मॅटर देतो खरा, पण दहापैकी सात वेळा ‘तुम्हीच काहीतरी झणझणीत लिहा’ असे सांगून तो मोकळा होतो. अशा झणझणीत ओळी मी स्वतः लिहिलेल्या असल्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचे नाही. माझ्या मते आपले मित्र आणि आपली बहीण दोघेही बरोबर आहेत. ओळ विनोदी असणे आणि ती अपमानकारक असणे या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत, त्या खुशाल एकाच फलकावर नांदू शकतात.

२०१९ च्या महापुराच्या आदल्या वर्षीची गोष्ट सांगतो. तुळशीची लग्ने होऊन लगीनसराई सुरू झाली होती आणि सांगली-मिरज रस्त्यावरील एका गादीच्या दुकानदाराला मोठा फ्लेक्स हवा होता. मी ओळ दिली, ‘एकदा दाबून बघा, मगच घरी न्या!’ गादी घेताना माणूस ती दाबूनच पाहतो, त्यामुळे ओळ खोटी नव्हती, आणि तिचा दुसरा अर्थ कोणाला समजावून सांगण्याचीही गरज नव्हती. चित्र मालकांनी स्वतःच इंटरनेटवरून आणले. पलंगावर कुशीवर रेललेली, बघणाऱ्याकडे रोखून पाहणारी एक परदेशी तरुणी त्यात होती आणि गादी तिच्याखाली जेमतेम चार बोटे दिसत होती. प्रूफ पाहून आमच्याकडची पोरे हसली, मालक हसले, मीही हसलो, आणि संध्याकाळी वीस बाय दहाचा फ्लेक्स सांगाड्यावर चढला. (पूर्वी पेंटर अशी पाटी रंगवायला तीन-तीन दिवस घेत असे, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी वडीलधारे माणूस येऊन ‘हे काय लिहिलंय रे?’ असे विचारून जात असे. फ्लेक्स अर्ध्या तासात निघतो, त्यामुळे तो प्रश्न विचारायला कोणी शिल्लकच राहत नाही.)

चौथ्या-पाचव्या दिवशी मी बिल घ्यायला गेलो तेव्हा मालक खुशीत होते. ‘‘लोकं थांबून थांबून वाचत्यात बघा,’’ असे त्यांनी मला सांगितले. लोक खरेच थांबत होते. त्या दुकानात गाद्या दाखवायला एक तरुण मुलगी होती. फोम आणि काथ्याच्या गादीतला फरक सांगणे आणि तळहाताने गादी दाबून तिचा फुगवटा परत कसा येतो ते गिऱ्हाइकाला दाखवणे हे तिचे रोजचे काम होते. त्या दिवशी ती बिलाच्या टेबलामागे बसलेली होती. मालक म्हणाले की पोरगी अलीकडे आळशी झाली आहे. मी निघालो तशी ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘‘काका, ती ओळ तुम्ही लिहिली व्हय? मग एक दिवस माझ्या जागेवर उभं राहून गादी दाखवा की.’’

पुढे तिने जे सांगितले त्यात अंदाज बांधता येणार नाही असे काहीच नव्हते. दोन-तीन जणांची टोळकी येत, गादी घ्यायची नसतेच, तिच्यासमोर उभे राहून फलकावरची ओळ वाचून दाखवत, ‘मॅडम, दाबून बघू का?’ असे विचारत आणि तिने रागाने पाहिले की ‘तुमच्याच बोर्डवर लिहिलंय’ असे म्हणत. हा शेवटचा भाग मला अजून टोचतो. एरवी रस्त्यावर कोणी असे बोलला असता तर तिला त्याला चपलेचा इशारा करता आला असता आणि चार माणसे तिच्या बाजूने उभी राहिली असती. इथे मात्र ती ओळ तिच्याच मालकाने पैसे देऊन, तिच्याच डोक्यावर दोनशे चौरस फुटांत टांगलेली होती. वाक्य माझे होते, फायदा मालकांचा होता, करमणूक पोरांची होती आणि ते सोसण्याचे काम मात्र पगारात न धरता तिच्याकडे आले होते.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी तेव्हापासून हेच पाहतो, की विनोद करून झाल्यावर त्या जागी उभे कोण राहते. ओळ कितपत चावट आहे हे मोजण्यात फारसा अर्थ नाही, कारण चावटपणाला आपल्याकडे बंदी कधीच नव्हती. असा विषय निघाला की सांगलीकडचा कोणीही पहिला मुद्दा हाच काढतो, आणि तो खराही आहे. शाहीर पठ्ठे बापूराव आमच्याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे आणि काळू-बाळूंचा तमाशा आमच्या कवलापूरचा. ज्या मुलखाने बतावणीतील, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांतील, दुहेरी अर्थांवर पिढ्यान्‌पिढ्या शिट्ट्या वाजवल्या, त्या मुलखाने आता एका फलकावरून तोंड वाकडे करावे हे ढोंग आहे, असा त्यांचा एकूण सूर असतो.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. तमाशाच्या गवळणीतील मावशी आठवून पाहा. कृष्णाचा सवंगडी पेंद्या याने एक टोमणा मारला की ती दोन मारते आणि प्रत्यक्ष कृष्णालाही सोडत नाही. ती भूमिका परंपरेने पुरुष करत आला हे खरे असले तरी उत्तर देण्याचा तिचा हक्क कोणी काढून घेतलेला नसतो. लावणीच्या फडातला सवाल-जवाब तर नावातच जवाब घेऊन येतो. शिवाय तमाशाच्या तंबूत माणूस तिकीट काढून, काय ऐकायला मिळणार हे ठाऊक असताना बसतो. हळदीच्या रात्री आपल्या घरच्या बायका वरमाईला आणि व्याह्यांना उद्देशून जे काही गातात ते छापले तर माझ्या मशीनलाही लाज वाटेल, पण तिथे गाणाऱ्याही त्याच, हसणाऱ्याही त्याच आणि पुढच्या लग्नात उलट गाण्याची संधी समोरच्या बाजूलाही असतेच. फलकाचे तसे नसते. त्यावरची बाई बोलत नाही, तिला जवाब नसतो, आणि रस्त्याने मुलीला शाळेत सोडायला निघालेल्या आईने तर कसलेच तिकीट काढलेले नसते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तरी चावट आणि अपमानकारक यांतील ही फारकत आपल्याकडे नीट केली जात नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा केंद्रीय कायदा १९८६ चा आहे आणि जाहिरातींचा उल्लेख त्याच्या मूळ तरतुदीतच आहे, परंतु त्याची व्याख्या स्त्रीची आकृती, तिचे शरीर किंवा त्याचा एखादा भाग कसा दाखवला यावर उभी आहे. नुसत्या शब्दांनी केलेला इशारा त्या चिमटीत सहज सापडत नाही. १९९५ मधील बुटांची ती गाजलेली जाहिरात, ज्यात मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांनी बूट आणि अजगर यांपलीकडे अंगावर काहीही घेतले नव्हते, तिचा खटला चौदा वर्षे चालून २००९ मध्ये दोघे निर्दोष सुटले. त्या जाहिरातीत दोघेही सारखेच उघडे होते, त्यामुळे तिला अश्लील म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण तिच्यात कोणी कोणाच्या जिवावर हसत नव्हते.

याहून बोलकी जोडी दोन वेगळ्या जाहिरातींची आहे. पुरुषांच्या अंतर्वस्त्राची ‘टोइंग’वाली जाहिरात केंद्र सरकारने २००७ मध्ये बंद केली. तिच्यात नवी नवरी घाटावर नवऱ्याची चड्डी धुताना रंगात येते आणि बाकीच्या बायका टकामका पाहत राहतात. ती जाहिरात चावट होती यात शंका नाही, भर दुपारी सासऱ्यांसोबत टीव्ही पाहताना ती लागली की आमच्या घरी सगळ्यांना एकदम तहान लागत असे, पण तिच्यातली मजा त्या बाईची होती आणि हसू येत होते ते तिच्या धिटाईचे. आता २०२२ मधील ‘शॉट’ या सुगंधी फवाऱ्याची जाहिरात घ्या. तिचे दृश्य चक्क दुकानातले होते. चार तरुण एका तरुणीच्या मागे उभे राहून ‘आपण चार आणि ही एकच’ अशा अर्थाचे बोलतात, ती दचकून वळते, आणि मग कळते की बोलणे फळीवर उरलेल्या शेवटच्या बाटलीविषयी चालले होते. यात उघडे अंग नाही, असभ्य म्हणावा असा एक शब्दही नाही, तरीही विनोद उभा राहतो तो सामूहिक बलात्काराच्या भीतीवर, आणि ती भीती एका बाईच्या चेहऱ्यावर दिसल्याशिवाय विनोद पुराच होत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये ती समाजमाध्यमांवरून उतरवायला लावली आणि कंपनीने माफी मागितली. दोन्ही जाहिराती शेवटी बंदच झाल्या, पण पहिली फक्त चावट होती आणि दुसरी स्त्रीला कमी लेखणारी होती, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

जाहिरातदारांनी स्वतःवर लगाम ठेवण्यासाठी १९८५ मध्ये स्थापन केलेली जाहिरात मानक परिषद, जिला सगळे आस्की म्हणतात, तिने त्याच जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मालाशी काडीचा संबंध नसताना केवळ बघणाऱ्याला चाळवण्यासाठी कोणत्याही व्यक्तीला वस्तूसारखे मांडू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे आणि घरपोच खाद्यपदार्थांमागे अंतर्वस्त्रात पहुडलेल्या बाईचे उदाहरणही दिले आहे. आमच्या भागातील चौकाचौकांतले फ्लेक्स छापणारे मुंबईतील या परिषदेचे सभासद वगैरे नसतात, तेव्हा आमच्यापर्यंत हे वारे येईपर्यंत बराच काळ जातो.

राहिला धंद्याचा मुद्दा. चावटपणा विकला जातो ही समजूत दुकानदारांत पक्की आहे, पण २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा लैंगिक मजकूर असलेल्या जाहिरातींतील मालाविषयी लोकांचे मत उलट खालीच आलेले आढळले. मला त्यात नवल वाटले नाही. त्या गादीच्या फलकावरची ओळ आमच्या चहावाल्यालाही पाठ होती, परंतु दुकान कोणते असे विचारल्यावर तो डोके खाजवू लागला. आणि लगीनसराईत गादी घेते कोण? मुलीच्या संसाराचे साहित्य जमवणारे आईबाप आणि सोबत ती मुलगी. मी दुकानात असतानाच असे एक कुटुंब रिक्षातून उतरले होते. वडिलांनी वर पाहिले, मग मुलीकडे न पाहता खिशातून मोबाईल काढला आणि उगाचच कानाला लावून थोडे पुढे चालत गेले. माय-लेकीही त्यांच्या मागोमाग गेल्या. मालकांनी नेमके हेच पाहिले, आणि गाद्या दाखवणाऱ्या त्या मुलीच्या तक्रारीने जे झाले नसते ते या एका गिऱ्हाइकाच्या जाण्याने झाले.

फ्लेक्स बदलायचा ठरला तेव्हा ओळ मात्र मालकांना सोडवेना. म्हणून शब्द तेच ठेवून मी चित्र बदलले. पटका बांधलेले एक आजोबा डोळे बारीक करून, हापूस पिकला की नाही ते पाहावे तसे अंगठ्याने गादी चाचपत आहेत, असे ते चित्र होते. लोक पुन्हा हसले, बायकाही हसल्या. दुसरा अर्थ कुठे गेला नव्हता, पण त्याला चिकटायला समोर कोणाचे शरीर उरले नव्हते. टोळकी आठवडाभरात थांबली आणि ती मुलगी टेबलामागून उठून परत गाद्या दाखवू लागली. माझ्याशी बोलताना मात्र ती पूर्वीसारखी ‘काका’ म्हणाली नाही, ‘साहेब’ म्हणाली.

तेव्हा आपण हळवे झालो आहोत का, याचे उत्तर मी आपल्या बहिणीलाच विचारावे असे सुचवीन, कारण ती ओळ पुन्हा ऐकण्याची वेळ आपल्या मित्रांवर येण्याचा संभव कमी आहे. मी स्वतः आता असे मॅटर आले की दुकानात समोर कोण उभे असते एवढेच विचारतो. गेल्या दिवाळीआधी एका साडीच्या दुकानदाराला मी हा प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘‘तुम्ही छापा नाहीतर राहू द्या, प्रवचन नको,’’ आणि दुसरीकडून छापून घेऊन आला. तो फ्लेक्स बरेच दिवस माझ्या जाण्या-येण्याच्या वाटेवर होता. ओळ वाईट होती, आणि पहिल्या दिवशी वाचली तेव्हा मला हसूही आले होते.