‘ब्लीचर्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: बेसबॉलवरच्या एका अमेरिकी कथेत मुलगा वडिलांबरोबर ‘ब्लीचर्स’मध्ये बसतो. अनुवादात ‘सज्जा’ चालेल का?

सज्जा नको. सज्जा म्हटलं की डोक्यावर छप्पर आलं, आणि ब्लीचर्सची सगळी गंमत छप्पर नसण्यातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हा शब्द रुळला. मैदानाच्या पार टोकाला प्रेक्षकांना बसायला बिनरंगाच्या फळ्या ठोकलेल्या असत, त्या उन्हानं पांढुरक्या पडत. ब्लीचिंग पावडरमधलंच हे ब्लीच, फक्त इथं धोबी म्हणजे सूर्य. छपराखालचा ग्रँडस्टँड महाग, या फळ्या स्वस्त.

ऊन किती, त्याचा एक दाखला. बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानात उजव्या बाजूच्या ब्लीचर्समध्ये हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे: विभाग ४२, रांग ३७, आसन २१. ९ जून १९४६ला बोस्टनचा फलंदाज टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू ५०२ फुटांवर, याच जागी गवती हॅट घातलेल्या एका प्रेक्षकाच्या थेट डोक्यावर पडला. ऊन डोळ्यांवर असल्यामुळे त्या गृहस्थाला चेंडू दिसलाच नव्हता!

आता मराठी. रचनेनं सर्वांत जवळची आपली कबड्डीची ‘गॅलरी’: वासे, फळ्या, सुंभ, आणि उठताना विजारीत हमखास अडकणारा एक खिळा. पण शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर गॅलरी म्हणताच वाळत घातलेले कपडे येतील. नाट्यगृहातला ‘पिट’ स्वस्त खरा, शिट्ट्याही तशाच; पण पिटातला माणूस रंगमंचाच्या नाकाशी बसतो, ब्लीचर्समधला खेळापासून सर्वांत लांब. म्हणून तोही बाद.

मी ‘उन्हातली बाकडी’ लिहीन. पहिल्यांदा पूर्ण, पुढं नुसतं ‘बाकडी’. ‘बाबांनी उन्हातल्या बाकड्यांची दोन तिकिटं काढली’ यात खिसा आणि ऊन दोन्ही आले, तळटीप लागत नाही. ‘बाके’पेक्षा ‘बाकडी’च बरी; बाके शाळेत असतात.

एक मात्र तपासा. अमेरिकी शाळांच्या बंदिस्त जिममधल्या घडीच्या पायऱ्यांनाही आता ब्लीचर्सच म्हणतात. कथेत पुढं मुलगा शाळेत बास्केटबॉल बघायला गेला, तर तिथं ऊन काढून टाका आणि सरळ ‘पायऱ्या’ लिहा.