रक्तदाब उतरला, आता गोळी बंद करावी का?

प्रश्न : माझे सासरे ६२ वर्षांचे आहेत. त्यांचा रक्तदाब सध्या १२८/८० च्या आसपास असतो, म्हणून ते गोळी बंद करू म्हणतात. घरात आम्ही साध्या मिठाऐवजी सैंधव वापरतो. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हा आकडा बहुधा गोळी चालू असल्यामुळेच दिसतो आहे. गोळी रक्तदाब आटोक्यात ठेवते, मूळ विकार घालवत नाही. ती परस्पर थांबवल्यास रक्तदाब पुन्हा चढू शकतो, आणि तो बहुतेकदा कोणतेही लक्षण न दाखवता चढत असल्याने 'मला काहीच त्रास नाही' हे सासऱ्यांचे म्हणणे येथे ग्राह्य धरता येत नाही. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने त्याने फारसे काही साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. आपल्याकडे दोष तिखटाला दिला जातो. प्रत्यक्षात तांबड्या रश्श्याच्या वाढत जाणाऱ्या वाट्या, मिसळीवरचे फरसाण, खर्डा, लोणचे आणि पापड यांतून पोटात जाणारे मीठ मोजले पाहिजे. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असल्यास ते धोकादायक ठरू शकते.

घरी रक्तदाब मोजताना आधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा. या नोंदींची वही पुढील तपासणीला सोबत न्यावी.