रात्रीचे जेवण हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करावे?

दिवसभर खाण्यावर ताबा राहतो, पण रात्री घरी आल्यावर पोटाला तड लागेपर्यंत जेवण होते, ते कसे थांबवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर रात्रीच्या ताटात कमी आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान जास्त सापडते. सकाळी चहा-बिस्किटांवर बाहेर पडलेला आणि दुपारी घाईघाईत अर्धाच डबा खाल्लेला माणूस रात्री नऊला पानावर बसतो, तेव्हा त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून दुपारचा डबा पूर्ण खावा आणि संध्याकाळी, निघण्यापूर्वी, ठरवून काहीतरी पोटात घालावे: मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, वाटीभर मटकीची उसळ, एखादे फळ आणि ताक. प्रथिने आणि तंतुमय पदार्थ यांनी पोट बराच वेळ भरलेले राहते. चहाबरोबर खाल्लेल्या खारीने तसे होत नाही.

घरी पोचल्यावर ओट्यावर चिवड्याचा किंवा फरसाणाचा डबा समोर असेल, तर स्वयंपाक होईपर्यंत हात त्यात जात राहतो. तो डबा वरच्या फडताळात, डोळ्यांआड ठेवावा. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे जेवण दिले होते. समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर आणि मेद सारखेच असूनही पहिल्या प्रकारच्या आहारात लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. पाकीटबंद पदार्थांपुढे आपला निश्चय टिकत नाही, यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

आता प्रत्यक्ष जेवणाबद्दल. आपल्या घरांत फुलके तव्यावरून एकेक करून ताटात येतात. पुढचा येतो तेव्हा आधीचा संपलेला असतो, त्यामुळे किती झाले याचा हिशेब ताटात दिसतच नाही. पोट भरत आलेले असते आणि तेव्हाच मागचा भात वाढला जातो, कारण भाताशिवाय जेवण पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेली सवय म्हणजे पोळ्या आधी करून डब्यात ठेवणे आणि बसण्यापूर्वी सगळे जेवण एकदाच वाढून घेणे: अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, उरलेल्या भागात आमटी, दोन पोळ्या आणि भाताची लहान मूद. भात जास्त हवा असेल तर एक पोळी आधीच काढून ठेवावी. कुकर आणि पातेली ओट्यावरच राहू द्यावीत.

सुरुवात कोशिंबिरीने करावी, घास नीट चावावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. जठर ताणले गेल्याची आणि आतड्यांतील संप्रेरकांची सूचना मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. आठ मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला ती मिळते तेव्हा तो हात धुऊन मोकळा झालेला असतो. दुसऱ्यांदा घ्यावेसे वाटले तर थोडे थांबून मग ठरवावे. खरी भूक असेल तर निःसंकोच घ्यावे. उपाशी झोपणे हा उपाय नव्हे, त्याने दुसऱ्या दिवशी तेच चक्र सुरू होते.

आग्रहाचा प्रश्न वेगळा आहे. वाढणाऱ्याच्या मायेला नुसते ‘नको’ म्हटले की ती दुखावते, त्यामुळे ‘जिलबी अर्धीच वाढा, आमटी फार छान झाली आहे, ती अजून घेईन’ असे म्हणावे. वाढणाऱ्याचे समाधान होते आणि जिलबीऐवजी आमटी पोटात जाते. ताट पूर्ण रिकामे होऊ न देणे हेही पंगतीत कामी येते.

मात्र एक गोष्ट मी गांभीर्याने सांगते. भूक नसतानाही थांबता न येणे, लपून खाणे आणि नंतर तीव्र अपराधी वाटणे हे वारंवार होत असेल, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर नावाचा, उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. भूक एकाएकी फार वाढली असेल आणि तहान, लघवी यांचे प्रमाणही वाढले असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. भूक वाढवू शकणारे स्टिरॉइडसारखे औषध सुरू असेल तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.