स्टेंटचे एका ओळीचे बिल आणि मुलाची सही

डिचोलीहून एक वाचक लिहितात: ‘एकोणीस महिन्यांपूर्वी माझे 67 वर्षांचे वडील अँजिओग्राफीसाठी एका खासगी इस्पितळात स्वतः चालत गेले. तपासणी चालू असतानाच डॉक्टरांनी बाहेर येऊन दोन स्टेंट (अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या) घालावे लागतील असे सांगितले व माझी सही घेतली. बिलात “कॅथलॅब साहित्य 1,86,000” (कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफीची खोली) एवढी एकच ओळ आहे. तपशील मागूनही मिळत नाही. पोलिसांत जावे का?’

सप्रेम नमस्कार. पोलिसांत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालवायचा तर तो निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले आहे, आणि आपल्या हकिगतीत तसे काही दिसत नाही. आपला मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, म्हणजे आपल्या हाती जेमतेम पाच महिने उरले आहेत.

आधी बिलाकडे पाहू. स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये प्रथम ठरवली, तेव्हा औषधलेपित स्टेंटसाठी ती 29,600 रुपये होती. अलीकडच्या वर्षांत ती जीएसटी वगळून 38 ते 39 हजारांच्या आसपास आहे. त्याच आदेशाने स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा दाखवण्याचे बंधन इस्पितळांवर घातले आहे, त्यामुळे आपली ती एकच ओळ हीच मुळात नियमभंग आहे. दोन स्टेंटचे साधारण 80 हजार धरले तरी लाखभर रुपये स्टेंट घालताना लागणाऱ्या बलून, वायर आणि कॅथेटर यांच्या नावावर उरतात. या वस्तूंना स्टेंटसारखी कमाल किंमत नाही, परंतु छापील किमतीहून अधिक आकारता येत नाही. केंद्र सरकारच्या औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाकडे तक्रार जरूर करावी, मात्र तेथे वसूल झालेली जादा रक्कम सरकारजमा होते. आपले पैसे परत हवे असतील तर आयोगाकडेच जावे लागेल.

प्रत्येक स्टेंटच्या वेष्टनावर लांबी, व्यास आणि लॉट क्रमांक असलेली सुटी स्टिकरे असतात आणि त्यांतले एक रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवण्याची पद्धत आहे. ते पान आणि अँजिओग्राफीची सीडी मिळवणे हे आपले पहिले काम. वडिलांच्या सहीने स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार ही कागदपत्रे 72 तासांत देणे आणि तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे.

मला बिलाहूनही अधिक गंभीर वाटते ती आपली सही. अँजिओग्राफीत केवळ नळी घालायची जागा बधिर करतात, रुग्ण सहसा शुद्धीवर असतो. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने तपासणीला दिलेली संमती ही उपचारांची संमती ठरत नाही, असे स्पष्ट केले. जिवावर बेतले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला विचारायला हवे होते, त्याच्या मुलाला विचारून भागत नाही. वडिलांना कोणी काय विचारले, हे त्यांच्याच शब्दांत आजच लिहून ठेवा.

स्टेंट गरजेचे होते की नव्हते, हा प्रश्न मात्र तज्ज्ञाच्या लेखी अभिप्रायाशिवाय काढू नये. सीडी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि गरज होती असे त्यांचे मत पडले तर तो मुद्दा सोडून द्या. बिलाचा व संमतीचा मुद्दा त्यामुळे दुबळा होत नाही.

तक्रार वडिलांच्या नावे, उत्तर गोवा जिल्हा आयोगात, पर्वरी येथे दाखल करावी. उपचारासाठी भरलेली एकूण रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क लागत नाही.