रिक्षा वळली उत्तरेला, मग त्वरण पश्चिमेकडे कसं?

प्रश्न: सर, मी अकरावी सायन्सला आहे. गणित असं होतं की रिक्षा पूर्वेकडे ६ मीटर प्रति सेकंद वेगाने जातेय, ती वळते आणि ४ सेकंदांनी उत्तरेकडे ८ मीटर प्रति सेकंदाने जाते, तर अ‍ॅव्हरेज अ‍ॅक्सिलरेशनची (सरासरी त्वरणाची) दिशा काढा. माझं उत्तर उणे ५३ अंश येतंय, पुस्तकात १२७ दिलंय. तीनदा करून बघितलं. आणि रिक्षा पश्चिमेला गेलीच नाही ना, मग त्वरण तिकडे कसं?

उत्तर: तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, तो कळला की पहिला आपोआप सुटतो. त्वरण बघताना रिक्षा कुठे गेली ते सोडून दे, वेगात काय फरक पडला तेवढंच बघ. सुरुवातीला पूर्वेकडचा वेग ६ होता, शेवटी शून्य झाला, आणि पूर्वेकडचा वेग संपवायचा तर जोर पश्चिमेकडेच लावावा लागणार ना. उत्तरेकडे काहीच नव्हतं, तिथे ८ आले.

म्हणजे नंतरचा वेग वजा आधीचा (हा क्रम उलटा करू नकोस, मुलं इथे फार चुकतात) केला की एक्स घटक (पूर्व अधिक, पश्चिम उणे) उणे ६, वाय घटक (उत्तर अधिक, दक्षिण उणे) अधिक ८. दोन्हींना ४ ने भागलं की उणे १.५ आणि २, पायथागोरसने त्वरण आलं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. भागाकाराने दिशा बदलत नाही, त्यामुळे कोन भागायच्या आधी काढ नाहीतर नंतर, एकच येतो.

आता कोन, तो पूर्वेपासून उत्तरेकडे मोजायचा. तू वाय भागिले एक्स केलंस, उणे १.३३ आलं, टॅन इन्व्हर्स दाबलं, उणे ५३. पण भागाकार केला की उणे चिन्ह वरचं होतं का खालचं हे कॅल्क्युलेटरला कळतच नाही, आणि टॅनची किंमत दर १८० अंशांनी परत तीच येते, म्हणून तो बिचारा उणे ९० ते ९० मधलंच उत्तर देतो. तुझा एक्स उणे आणि वाय अधिक, म्हणजे त्वरणाचा बाण दुसऱ्या चरणात, वायव्येकडे. कॅल्क्युलेटरने दाखवली बरोब्बर उलटी, आग्नेयेकडची दिशा. त्यात १८० मिळव, १२७ आले.

मी स्वतः चिन्हं बाजूला ठेवून नुसत्या ८ भागिले ६ चा कोन काढतो, ५३ येतो, मग आकृती बघून 'पश्चिमेपासून उत्तरेकडे ५३ अंश' असं लिहितो. बोर्डाला लॉग टेबलातून कोन काढताना पण हीच पद्धत कामाला येते. एक्स घटक शून्य असेल तर भागाकार करूच नकोस, बाण सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे.

आणि पुढच्या वेळी रिक्षात बसशील तेव्हा डावीकडच्या वळणावर लक्ष दे, रिक्षा डावीकडे ओढली जाते आणि आपण सीटवर उजवीकडे सरकतो, म्हणजे त्वरणाच्या उलट. या गणितात ती सरकायची बाजू साधारण आग्नेयेची, तुझ्या उणे ५३ अंशांची.